तिथे रुपया, इथे बाट

(रौप्यमहोत्सवी थायलंड सहलीला निघण्यापूर्वी सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "ताई, तुम्ही बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर होतात. पैसे किती न्यायचे, कुठे बदलायचे, टिप किती द्यायची, ते दहा मिनिटांत सांगून टाका." ते सांगतेच. पण त्याआधी ही डबी बघा. पेढ्यांची आहे, पण आत पेढे नाहीत, उगाच आशेने बघू नका.

ही डबी आपल्या गेटवरच्या मामांची आहे. गेल्या जूनमध्ये ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या बँकेत चालतंय का बघा. पोरीच्या फीचा हप्ता भरायचाय." आत नाणी होती. अमेरिकेचे क्वार्टर, सिंगापूरचे सेंट, इंग्लंडचे जुने गोल पाउंड, थायलंडचे बाट, आणि एक पाच पाउंडाची कागदी नोट. कोणाचा मुलगा परदेशातून आला, कोणाची लेक-जावई आले, जाताना मामांनी बॅगा टॅक्सीत चढवल्या, आणि आपण खिशात उरलेलं त्यांच्या हातावर ठेवलं. मामांनी ते सगळं वर्षानुवर्षं जपून ठेवलं. फॉरेनचे पैसे, म्हणजे मोलाचे असणार!

मला त्यांना खरं सांगावं लागलं. परदेशी नाणी आपल्याकडची बँक घेत नाही, मनी चेंजरही घेत नाही. नोटा घेतात, कारण त्या हलक्या असतात आणि पुढे विकता येतात. नाणी जड, किंमत थोडी; ती परत त्यांच्या देशात पाठवण्याचा खर्च कोण करणार? पाच पाउंडाची कागदी नोट तर 5 मे 2017 ला इंग्लंडमध्येच चलनातून गेली, आणि गोल पाउंड त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला. ती नोट आजही बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, पण त्यासाठी मामांनी लंडनला जायचं का?

मामा एवढंच म्हणाले, "असूं द्या मॅडम. देणाऱ्याने प्रेमानं दिलंय." आणि मी मान खाली घातली. कारण त्यातले बाट मीच दिलेले होते.

ती गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी आणि हे बँकॉकला गेलो होतो. खोली साफ करायला येणारी बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. पहिल्या दिवशी मी उशीखाली शंभर रुपयांची नोट ठेवली, आपली, गांधीजींची. संध्याकाळी बघते तर नोट टेबलावर, पाण्याच्या ग्लासखाली नीट ठेवलेली. मला वाटलं, काय प्रामाणिक बाई! दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, पुन्हा ग्लासखाली. मग आमच्या गाईडने हसत समजावलं, "मॅडम, तिला वाटतं तुम्ही विसरलात. आणि घेतली तरी ती काय करणार?" तिथले काही मोठे मनी चेंजर रुपया घेतात, पण भाव पाडून, आणि ती दुकानं शहराच्या मध्यावर. एका नोटेसाठी तिने कामावरून सुटल्यावर बस करून तिथे जायचं, म्हणजे अर्धी टिप बसलाच गेली.

काउंटरवर माझी वीस वर्षं गेली, आणि हे मला कळू नये! बरं, त्यातून शिकले म्हणावं तर तेही नाही. घरी आल्यावर पर्समध्ये उरलेले बाट मोठ्या उदारपणे मामांना दिले. तिथे रुपया दिला, इथे बाट दिला. दोन्ही वेळा देण्याचं समाधान माझ्या पदरात पडलं, आणि त्या दोघांच्या पदरात काहीच नाही.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच: टिप ही घेणाऱ्याला त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला चालली पाहिजे. न चालणारा पैसा देणं म्हणजे आपल्या खिशातलं ओझं दुसऱ्याच्या खिशात टाकणं.

कोणी म्हणेल, नेपाळमध्ये तर आपला रुपया चालतो. चालतो, 1993 पासून शंभर भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये असा भाव बांधलेला आहे. पण 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आठवा. आपण बँकेच्या रांगेत उभे राहिलो, वैतागलो, पण नोटा बदलून मिळाल्या. नेपाळमध्ये ज्यांच्या घरात आपल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा होत्या, त्यांना ती रांगही मिळाली नाही. दुसऱ्याचं चलन सांभाळण्यात धोका असतो, आणि तो आपण हमाल, वेटर, सफाईवाल्या बाई यांच्या डोक्यावर ठेवतो.

"मग डॉलर द्यावा का?" असा प्रश्न मघाशी जोशीकाकांच्या चेहऱ्यावर दिसला. थायलंडमध्ये मनी चेंजरच्या पाटीवर डॉलरचे दोन-तीन भाव असतात. शंभराच्या नोटेला चांगला, एक-दोनच्या नोटेला कमी. जी नोट टिप म्हणून दिली जाते, तिलाच सगळ्यात वाईट भाव!

आता कामाचं. नोटा ओळखून ठेवा: वीस बाटची हिरवी, पन्नासची निळी, शंभरची लाल, पाचशेची जांभळी, हजाराची तपकिरी. एक बाट म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये. बॅगा खोलीपर्यंत आणणाऱ्याला वीस बाट, खोली साफ करणाऱ्या बाईंना रोजचे वीस ते पन्नास. रोज सकाळी ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको. त्या दिवशी दुसरीच बाई कामावर असू शकते. सोबत एक चिठ्ठी ठेवा, म्हणजे आपण विसरलो असं तिला वाटणार नाही. समोर दिसली तर बायकांनी "खॉप खुन खा" म्हणायचं, पुरुषांनी "खॉप खुन क्राप". एक-दोन बाटची नाणी टिप म्हणून ठेवू नका. तिथल्या नोटांवर आणि नाण्यांवर राजाचं चित्र असतं, म्हणून पैसे फेकायचे नाहीत, घरंगळलं तर पायाने अडवायचं नाही.

सुटे कसे मिळवायचे? विमानतळावर सगळ्या हजाराच्या नोटा घेऊ नका, विसाच्या मागा. नाही दिल्या तर बाहेर पाण्याची बाटली घ्या, मोड मिळते. टूरच्या पैशात गाईड-ड्रायव्हरची टिप धरलेली असेल, तर ती सहसा खोली साफ करणाऱ्या बाईंपर्यंत जात नाही, हे लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर जे व्हिएतनामला जाणार आहेत, त्यांनी जरा सांभाळून. तिथली वीस हजार डोंगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. एक सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची! आणि जपानला जाल तर टिप देऊच नका, तिथे ती पद्धत नाही. विसरलेले पैसे समजून तुमच्या मागे धावत येतील. अमेरिकेत उलट. तिथे केंद्राच्या कायद्याने टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान वेतन 1991 पासून तासाला 2 डॉलर 13 सेंटच आहे. काही राज्यांत जास्त आहे, पण जिथे नाही तिथे टिप हाच वेटरचा पगार.

मामांच्या डबीचं काय झालं? सी विंगमधला एक मुलगा न्यूयॉर्कला निघाला होता, त्याने क्वार्टर घेऊन रुपये दिले. सिंगापूरचे सेंट ए विंगच्या वहिनींनी घेतले. बाटचे रुपये मी दिले, ते द्यायचे होतेच. तेवढ्याने हप्ता भरला नाही, पण थोडा हातभार लागला. गोल पाउंड आणि ती नोट डबीतच आहेत.

माझी सूचना अशी, की सोसायटीच्या ऑफिसात एक बरणी ठेवू या. परदेशातून येणाऱ्याने उरलेली नाणी त्यात टाकायची, त्या देशाला निघालेल्याने ती घ्यायची आणि तेवढे रुपये टाकायचे. दिवाळीला ते रुपये मामा, सफाईवाल्या मावशी आणि लिफ्टवाले दादा यांच्या पोस्तमध्ये घालायचे. नेहमीच्या पोस्तमधून कापून नव्हे हं, वरून!

या डबीतले बाट मी सोबत नेते आहे, तिथे पाण्याच्या बाटल्या घेईन. खोलीतल्या बाईंसाठी मात्र हिरव्या नोटा आधीच वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. तुम्हीही ठेवा.