संगणक आणि दूरदर्शनसंच यांची जोडणी

शुक्रवार पेठेंतील एखादी आजी परदेशस्थ नातवाशीं संगणकावर बोलूं लागते. परंतु त्या लहान पडद्यावर तिच्या मंद दृष्टीला त्याचा चेहरा ओळखूं येत नाहीं. भिंतीवरचा मोठा दूरदर्शनसंच मात्र रिकामाच! दोहोंना जोडणें कठीण नाहीं.

१९८७ सालीं निघालेली व्हीजीए जोडणी केवळ चित्र नेते. नातू दिसतो, पण मुका. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय पद्धतींत एकाच तारेंतून चित्र व ध्वनि दोन्ही जातात. तार जोडून संचावर त्याच खांचेची निवड करावी. आवाज न आल्यास संगणकांतून ध्वनि संचाकडे वळवावा.

कॅमेरा मात्र संगणकापाशींच राहतो. तो आजीसमोर ठेवण्यास विसरूं नये. नातवाला आजी दिसणें हेंही तितकेंच अगत्याचें. कारण तोही तिलाच पाहावयास आलेला असतो.