पुस्तकातला चौकोन
(घनसावंगी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज लेकीचं पुस्तक सोबत आणलंय. हा काळा-पांढरा चौकोन बघा. किराणा दुकानात पैसे देताना आपण स्कॅन करतो, तसाच हा क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड लावले. पुढं ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

आपण काय करायचं? मोबाइलमध्ये सरकारचं ‘दीक्षा’ ॲप घ्या, ते फुकट आहे. मराठी भाषा आणि इयत्ता निवडा. ॲपमधूनच कोड स्कॅन करा. धड्याचे व्हिडिओ, सरावाचे प्रश्न मिळतात. रेंज असेल तेव्हा डाउनलोड करून ठेवा, मग नेट नसलं तरी चालतं.

मी सातवी शिकलेली. लेकीनं गणित विचारलं की मी काहीतरी काम काढून उठायची. आता दोघी शेजारी बसून बघतो. तिला येतं, मलाही उमजतं.

अडचण एकच, मोबाइल घरच्या माणसांच्या हातात असतो. रोज अर्धा तास मागून घ्या, पोरासाठी तसा पोरीसाठीही. गटाचा हप्ता आपण चुकवत नाही, तसा हाही चुकवू नका.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्मे सदस्य महिला असतात. तिथं उठून विचारा, “वर्गात हे दाखवता का?”

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक धडा बघून यायचं. ठरलं ना?