बारा मिलिमीटरचं मीटरगेज

पूर्णा-अकोला मार्गावरची मीटरगेज गाडी हिंगोली, वसमतच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. ती पुन्हा धावू शकते, टेबलावर!

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेगाड्यांचा छंद आयुष्यभर जोपासला. त्यातूनच १ एप्रिल १९९८ रोजी त्यांचं लघुरेल्वे संग्रहालय उभं राहिलं. तिथं सिग्नल पडतात, गाड्या वळणं घेतात, पुलांवरून धावतात. मोठी माणसंही मुलांना ढकलून पुढे येतात म्हणा ना!

या छंदात जगभर सर्वाधिक चालतं ते एचओ प्रमाण, १ ला ८७. वीस मीटरचा डबा २३ सेंटिमीटरचा होतो. बाजारातला साडेसोळा मिलिमीटरचा रूळ मात्र युरोप-अमेरिकेच्या गेजचा. आपल्या ब्रॉडगेजला १९ मिलिमीटर लागतात, म्हणून भारतीय छांदिष्टांना बहुधा तडजोड करावी लागते. मीटरगेजचं तसं नाही. त्याला १२ मिलिमीटरचा रूळ बसतो आणि तो परदेशात तयार मिळतो.

तेव्हा शाळांनो, वाचनालयांनो, सुरुवात पुठ्ठ्याच्या स्टेशनापासून करा. आणि ज्यांच्याकडे जुन्या मीटरगेज स्थानकांचे फोटो असतील, त्यांनी ते मुलांना जरूर द्यावेत.