पोच मिळाली, पुढे काय? – वेब प्रणालीतील पार्श्वकार्ये व त्यांची रांग

(विभागीय संगणक प्रशिक्षण वर्गातील भाषण)



आजच्या भाषणासाठी जो विषय मला नेमून देण्यात आला आहे, तो कागदावर वाचला तर रुक्ष वाटेल. सर्व्हरवर चालणाऱ्या वेब फ्रेमवर्कला पार्श्वभूमीवरील कामांची, त्यांच्या वेळापत्रकाची व रांगेची जोड कशी द्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. परंतु आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या कचेरीच्या बारनिशीत काही काळ काढला असेल, त्यांना यातील बहुतेक कल्पना ओळखीच्या वाटतील. बारनिशीतील लिपिक आलेला अर्ज स्वतः निकालात काढीत नाही. तो आवक नोंदवहीत नोंद करतो, क्रमांक घालतो, पोच देतो आणि कागद संबंधित टेबलाकडे पाठवितो. अर्जदार घरी जातो. खरे काम मागील दालनात, त्याच्या अनुपस्थितीत होते. आपल्या वेब प्रणालीलाही नेमके हेच शिकवावयाचे आहे.

उदाहरणासाठी मी पांढुर्णा व सौसर या दोन तहसिली घेतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठीभाषी पट्टा मध्यप्रदेशात राहिला. संत्री आणि कापूस पिकविणारा हा मुलूख बाजारासाठी, दवाखान्यासाठी व शिक्षणासाठी नागपूरकडे पाहतो, आणि दाखल्यांसाठी त्याला आपल्या राज्याच्या कचेरीकडे पाहावे लागते. ऑक्टोबर 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे आपल्या विषयातील एक फारच बोलका प्रश्न उभा राहतो. त्याकडे मी पुढे येणार आहे.

मध्यप्रदेशाने 2010 साली लोकसेवा हमी कायदा केला. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचे कायदेशीर बंधन घालणारे ते देशातील पहिले राज्य. विलंबाबद्दल जबाबदार अधिकाऱ्यास दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशी तरतूद त्यात आहे. आपल्या महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मधला. अशा कायद्याखाली अर्जदाराच्या हाती जी पोच पडते, तिच्यावरची तारीख म्हणजे शासनाने दिलेला शब्द असतो. सौसरच्या एखाद्या मुलीला नागपूरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे आणि उत्पन्नाचा दाखला अमुक तारखेपर्यंत दाखल करावयाचा आहे, असे धरून चला. तिच्या दृष्टीने संगणकाची रांग ही तांत्रिक बाब नाही. त्या रांगेत तिचे एक वर्ष उभे आहे.

आता थोडे अंकगणित करू. समजा, सर्व्हरवर अर्ज स्वीकारण्यासाठी आठ प्रक्रिया उभ्या आहेत आणि अर्ज तपासून डेटाबेसमध्ये नोंदविण्यास सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. म्हणजे सेकंदाला चाळीस अर्ज झाले. आता त्याच ओघात पोचीची पीडीएफ तयार करणे आणि लघुसंदेश पाठविणे ही कामेही घातली, आणि लघुसंदेशाच्या गेटवेने उत्तर द्यायला पाच सेकंद घेतले, तर तेच आठ हात सेकंदाला जेमतेम दीड अर्ज घेतील. यंत्र तेच, माणसे तीच. फक्त खिडकीवरच्या लिपिकाला टपाल टाकण्यासाठी पोस्टात पाठविले, एवढाच फरक. शाळा-महाविद्यालयांच्या हंगामात पडदा गोठला अशी जी तक्रार येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते, आणि आपण मात्र नवा सर्व्हर मागविण्याची टिपणी ठेवतो.

रांगेचे शास्त्र काही नवे नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग यांनी 1909 साली त्याचा पाया घातला. त्यातून पुढे निघालेला एक निष्कर्ष प्रत्येक कार्यालयप्रमुखाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काम करणारा एकच असेल, कामे अनियमितपणे येत असतील व त्यांना लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर तो निम्मा वेळ गुंतलेला असताना नव्या कामाला सरासरीने एका कामाइतके थांबावे लागते. तो नव्वद टक्के गुंतला की नऊ कामांइतके, आणि पंच्याण्णव टक्के गुंतला की एकोणीस कामांइतके. म्हणून कर्मचारी, मग तो माणूस असो वा प्रोग्राम, सतत गुंतलेला दिसणे ही कार्यक्षमतेची खूण मानू नये.

फ्रेमवर्कांना ही गोष्ट हळूहळू उमगली. प्रारंभी ही सोय बाहेरून जोडावी लागे. पायथॉनच्या जगात सेलरी आणि रूबीच्या जगात रेस्क ही साधने 2009 च्या सुमारास आली. साइडकिक 2012 मध्ये आले. रेल्सने 2014 च्या अखेरीस 4.2 या आवृत्तीत सर्व साधनांसाठी एकच समान मुखवटा दिला आणि 2024 मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर डेटाबेसमध्येच रांग ठेवणारी स्वतःची व्यवस्था पुरविली. जँगोने तर डिसेंबर 2025 च्या सहाव्या आवृत्तीत कार्य नोंदविण्याची पद्धत गाभ्यात घेतली; ते कार्य उचलून पार पाडणारा वर्कर मात्र अजूनही आपण स्वतंत्रपणे आणावयाचा असतो. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आवक नोंदवही सुरेख छापून घेतली आणि मागील दालनात माणूसच नेमला नाही, अशी त्यांची गत होते.

मला अधिक वेळ द्यावयाचा आहे तो काम हरवण्याच्या प्रश्नाला. अर्ज डेटाबेसमध्ये नोंदला जातो आणि काम रेडिससारख्या वेगळ्या साठ्यातील रांगेत जाते, अशी रचना सर्रास असते. येथे दोन वह्या झाल्या. पहिल्या वहीत नोंद झाली आणि दुसरीत होण्यापूर्वी वीज गेली, तर अर्जदाराच्या हाती पोच आहे, मागील दालनाला मात्र अर्जाचा पत्ताच नाही. कोणतीही चूक नोंदली जात नाही, कोणताही दिवा लाल होत नाही. मुदत उलटून अर्जदार विचारायला येईपर्यंत सारे शांत असते. याच्या उलटही घडते. काम आधी रांगेत पडले, वर्करने ते क्षणात उचलले, आणि डेटाबेसमधील व्यवहार अजून पक्का झालेला नाही. वर्कर अर्ज क्रमांक शोधतो, त्याला तो सापडत नाही, आणि तो काम बाद करतो. वर्कर जितका चपळ, तितका हा दोष वारंवार.

दुसऱ्या दोषावर उपाय सोपा आहे: व्यवहार पक्का झाल्यानंतरच काम रांगेत टाकावे. जँगोमध्ये त्यासाठी ऑन-कमिट ही सोय 2015 पासून आहे. पहिला दोष मात्र तिने जात नाही. त्यासाठी माझे मत स्पष्ट आहे. आपल्यासारख्या कार्यालयांनी रांग त्याच डेटाबेसमध्ये, अर्जाच्याच व्यवहारात नोंदवावी. दोन्ही नोंदी एकत्र पक्क्या होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. डेटाबेसमधील रांग मंद असते, हा आक्षेप एके काळी रास्त होता. एका वर्करने धरलेली ओळ सुटेपर्यंत बाकीचे खोळंबून राहत. पोस्टग्रेसच्या 9.5 या आवृत्तीत, जानेवारी 2016 मध्ये, कुलूप लागलेली ओळ वगळून पुढची उचलण्याची सोय आली, आणि तहसिलीच्या कामाच्या मानाने तो आक्षेप उरला नाही. सेकंदाला हजारो कामे असणाऱ्यांनी रेडिसची वाट धरावी. आपण कशाला?

रांग सुरक्षित झाली तरी एक काम दोनदा होण्याची शक्यता राहतेच. वर्करने अनुदानाची रक्कम बँकेकडे रवाना केली आणि काम पूर्ण झाले अशी खूण करण्यापूर्वीच तो बंद पडला, तर जागा झाल्यावर तो तेच काम पुन्हा उचलील. रांगेची साधने काम किमान एकदा होईल अशी हमी देतात. एकदाच होईल अशी देत नाहीत. ती काळजी काम लिहिणाऱ्याने घ्यावयाची असते. प्रत्येक आदेशाला एकच अपरिवर्तनीय क्रमांक द्यावा, पाठविण्यापूर्वी तो रवाना झाला आहे का हे पाहावे आणि पलीकडच्या यंत्रणेनेही त्याच क्रमांकाचा दुसरा आदेश नाकारावा. दोनदा आलेला लघुसंदेश शेतकरी हसून सोडून देईल. दोनदा जमा झालेली रक्कम वसूल करण्यासाठी मात्र त्याच्या दारी माणूस जातो, आणि त्यात त्याचा दोष काडीचाही नसतो.

पुन्हा प्रयत्न करण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो. अपयश आल्यावर दर वेळी अधिक अंतराने प्रयत्न करावा, ही रीत चांगली आहे. पण साधनाने ठरविलेले आकडे डोळे झाकून घेऊ नयेत. साइडकिक स्वतःच्या मूळ नियमाने पंचवीस वेळा, सुमारे तीन आठवडे प्रयत्न करीत राहते. दाखल्याची मुदत काही दिवसांची असेल तर या चिकाटीचे आपण काय करणार?

आता वेळापत्रकाकडे वळू. आपल्या जुन्या सहा गठ्ठा पद्धतीत प्रतीक्षाधीन प्रकरणांचा एक गठ्ठा असतो आणि नियतकालिकांचा एक. संगणकातील नियतकालिकांचा गठ्ठा म्हणजे क्रॉन. युनिक्सच्या काळापासूनचे हे साधन अत्यंत विश्वासू, पण अत्यंत अक्षरनिष्ठ आहे. रात्री बाराला यंत्र बंद असेल तर बाराचे काम ते सकाळी आठवून करीत नाही. भार वाढला म्हणून दुसरा सर्व्हर उभा केला आणि दोन्हींवर तेच वेळापत्रक राहिले, तर प्रत्येक स्मरणपत्र दोनदा जाते. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल तर त्याची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते, आणि रात्री बारा ते साडेपाच या वेळेत नोंदलेल्या अर्जांवर कालची तारीख पडते. मुदतीचा हिशेब जेथे दिवसांवर आणि दंड दिवसांवर, तेथे ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

म्हणून मुदतीची तपासणी लिहिताना प्रश्नाची मांडणी बदलावी. ज्यांची मुदत आज संपते ते अर्ज काढा, असे लिहिले की एक दिवस काम चुकले तर त्या दिवसाचे अर्ज कायमचे सुटले. ज्यांची मुदत संपली आहे आणि ज्यांच्यावर अद्याप शेरा नाही ते सर्व अर्ज काढा, असे लिहावे. मग काम एक दिवस उशिरा झाले तरी काही निसटत नाही, आणि दोनदा झाले तरी दुसऱ्या खेपेस हाती काही लागत नाही. एवढ्या एका वाक्याच्या फरकाने निम्म्या कटकटी टळतात.

आता पांढुर्णा जिल्ह्याचा प्रश्न. नवा जिल्हा झाला की दोन तहसिलींच्या नोंदींवर छिंदवाड्याऐवजी नवे जिल्हानाव व नवा संकेतांक लागावयास हवा. कल्पना करा, अशा लाखो ओळींचे काम कोणी उत्साहाने एकाच हुकुमात रांगेत टाकले. ते तासन् तास चालेल, त्याच्यामागे सौसरच्या त्या मुलीचा दाखला अडकेल आणि शेवटच्या ओळीवर चूक निघाली तर सारे पुन्हा पहिल्यापासून. असे काम पाचपाचशे ओळींच्या तुकड्यांत, स्वतंत्र रांगेत, स्वतंत्र वर्करकडे द्यावे. दाखल्यांच्या रांगेला त्याने हातही लावू नये. शिवाय रांगेत टाकताना अर्जाची संपूर्ण प्रत टाकू नये, केवळ क्रमांक टाकावा. नाही तर आदल्या रात्री रांगेत पडलेला दाखला दुसऱ्या दिवशी जुन्या जिल्ह्याच्या नावाने छापून निघेल. त्या मुलखात गावांची व माणसांची नावे एका कागदावर मराठी वळणाने आणि दुसऱ्यावर हिंदी वळणाने लिहिलेली आढळणे स्वाभाविक आहे. तेव्हा जुळणी नावावरून नव्हे, संकेतांकावरूनच करावी, हे वेगळे सांगावयास नको.

रांगेवर देखरेख कशी ठेवावी, असा प्रश्न मघाशी एका भगिनींनी लेखी विचारला आहे. रांगेत किती कामे आहेत, हा आकडा सर्वजण पाहतात. मी त्याला दुय्यम मानतो. पाचशे कामे दोन मिनिटांत संपत असतील तर चिंता नाही, आणि एकच काम सोमवारपासून पडून असेल तर आहे. म्हणून सर्वांत जुन्या कामाचे वय पडद्यावर ठळकपणे दाखवावे. सर्व प्रयत्न फसलेली कामे जेथे जाऊन पडतात, ती यादी रोज कार्यालय उघडताच पाहण्याचे काम एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे, नावानिशी, कार्यालयीन आदेशाने सोपवावे. तो रजेवर गेला तर कोण पाहील, हेही त्याच आदेशात लिहावे. अर्जदाराला पडद्यावर केवळ ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच न दाखविता, अर्ज केव्हा स्वीकारला, सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि मुदतीची तारीख कोणती, या तीन गोष्टी दाखवाव्यात. त्यासाठी लागणारी माहिती रांगेच्या तक्त्यात आधीपासूनच असते; ती बाहेर आणण्यासाठी एक साधे पान पुरते, आणि उद्याच्या प्रात्यक्षिकात आपण प्रथम तेच पान तयार करणार आहोत.