तंबाखू खातोस का? खरं सांग!

मी इचलकरंजीत आयुर्विम्याची एजंट आहे. हो, तीच. जिला लग्नात लांबून बघून लोक जेवणाची रांग बदलतात. नऊ वर्षं झाली, आता मलाही सवय झालीय.

एजंट व्हायला काय लागतं, असं बरीच पोरंपोरी मेसेज करून विचारतात. दहावी पास पाहिजे, थोडं ट्रेनिंग, मग आयसी-३८ नावाची परीक्षा. ५० प्रश्न, एक तास, ३५ टक्क्यांना पास. आता यात घाबरण्यासारखं काय आहे? घाम फुटतो तो नंतर. एखाद्याच्या घरात, त्याच्या आईसमोर बसून त्याला विचारायचं, "तंबाखू खातोस का?" आज या एका प्रश्नावरच बोलायचंय.

विम्याचा फॉर्म म्हणजे काय तर प्रश्नांची यादी. वजन किती, शुगर आहे का, कधी ऑपरेशन झालं का, आईवडिलांना कुठला आजार, दारू किती, तंबाखू किती. यावर कंपनी ठरवते की तुम्हाला विमा द्यायचा का आणि हप्ता किती लावायचा. तंबाखू "हो" म्हटलं की हप्ता चांगलाच वाढतो. शुगर "हो" म्हटलं की तपासण्या लागतात, फॉर्म पंधरा-पंधरा दिवस अडकतो.

आणि फॉर्म अडकला की माझं कमिशन अडकतं. लपवायचं काय त्यात? एजंटाला पहिल्या वर्षी मोठं कमिशन मिळतं, नंतर दरवर्षी थोडं थोडं. त्यात मार्च एंडिंग असलं की वरून रोज फोन, "टार्गेट किती झालं?" अशा वेळी सगळ्या रकान्यांत "नाही, नाही, नाही" करत जायला दोन मिनिटं लागतात. ग्राहकही खूश, कारण हप्ता कमी.

पूर्वी निदान कागद तरी समोर असायचा. आता टॅबवर फॉर्म भरतात आणि तुम्हाला म्हणतात, "दादा, एक ओटीपी आलाय बघ, सांग जरा." तुम्ही सांगता. अरे, ती तुझी सही आहे! आतली सगळी उत्तरं मी वाचली, ती खरी आहेत, असं तू त्या सहा आकड्यांत कबूल केलंस. एजंटानं काय भरलं होतं ते उद्या कोणी ऐकून घेत नाही.

एक पोरगा सांगते. सायझिंगमध्ये सुपरवायझर, सत्तावीस वर्षांचा, घरात आई, बायको आणि वर्षाची मुलगी. २५ लाखांचा टर्म प्लॅन घ्यायचा होता. मी विचारलं तंबाखूचं, तर आईकडे बघून म्हणाला, "छे, छे." खिशातली पुडी मला दिसत होती. मी म्हटलं, "मावशी, चहा टाकता का जरा?" मावशी आत गेल्या. मग हळूच म्हणाला, "ताई, दिवसाला तीन-चार पुड्या होतात. पण 'नाही' लिहा ना, सगळे तसंच लिहितात." मी "हो" लिहिलं. मेडिकलला गेला असतास तर लघवीच्या तपासणीत निकोटिनचा पत्ता लागतोच, हेही सांगितलं. हप्ता जवळजवळ दीडपट झाला. चिडला माझ्यावर. "दुसरा एजंट कमीत करून देतोय, वर पहिला हप्ता स्वतः भरतो म्हणतोय," म्हणाला. (हे पहिला हप्ता भरायचं प्रकरण विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे बरं का, १० लाखांपर्यंत दंड आहे.) शेवटी बायको म्हणाली, "असू दे हो, ताई सांगतात ते करा." म्हणून झालं.

चौदा महिन्यांनी सांगली रोडवर त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा तपास करणारा माणूस आला. पॉलिसी घेतल्यावर लवकर मृत्यू झाला की चौकशी होतेच. तो घरी कमी बसला आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीवर जास्त. टपरीवाल्यानं सांगितलं, "रोज यायचा की, उधारी पण आहे." त्या माणसानं ते लिहून घेतलं. पण फॉर्ममध्ये तेच लिहिलेलं होतं. काढायला काही उरलंच नाही. पैसे बायकोच्या खात्यात आले.

तुम्ही म्हणाल, मेला अपघातात, तंबाखूचा काय संबंध? मलाही बरेच जण हेच विचारतात. कंपनी म्हणते, खरं कळलं असतं तर आम्ही या हप्त्यात विमा दिलाच नसता. कलम ४५ त्यांना पहिली तीन वर्षं हा प्रश्न काढायला परवानगी देतं. माहिती चुकीची निघाली तर क्लेम नाकारून भरलेले हप्ते परत करतात. फसवणूक सिद्ध झाली तर तेही जाऊ शकतात. तीन वर्षांनंतर मात्र कुठल्याच कारणानं पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही. हे ऐकून काही हुशार मंडळी म्हणतात, "मग तीन वर्षं जगलं की झालं!" सत्ताविसाव्या वर्षी तोही तेच धरून चालला होता. आणि मध्येच हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, परत चालू केली, की ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

ते सोडा. ज्यांची पॉलिसी आधीच आहे त्यांनी आज एवढंच करा. कंपनीनं मेलवर पाठवलेली पीडीएफ उघडा. पॉलिसीसोबत तुमच्या फॉर्मची प्रतही असते, बहुतेक जण तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत. तंबाखू, दारू, शुगर, जुनं ऑपरेशन, सगळे रकाने बघा. पॉलिसी हातात येऊन ३० दिवस झाले नसतील तर ती परतही करता येते. जास्त दिवस झाले असतील तर कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढेल कदाचित, पण वाढू दे.

तिथंच खाली नॉमिनीचं नाव असतं. लग्नाआधी घेतलेली पॉलिसी असेल तर तिथं आईचं नाव असणार, लग्नाला सहा वर्षं झाली तरी. काय ठेवायचं ते तुमच्या घरात बसून ठरवा, मी त्यात पडत नाही. लहान मुलाचं नाव टाकलं असेल तर सोबत एका मोठ्या माणसाचं नाव लागतं, तेही बघून घ्या.

आणि हो, काही विचारायचं असेल तर मला मेसेज करा. आई शेजारी नसताना केलात तर बरं.