बाळाचे पोट, थेंबांची बाटली आणि खान्देशचा उन्हाळा



वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि धुळे-शिरपूरकडेही झळा काही कमी नसतात. याच दिवसांत लग्नसराई, पंगती, बर्फाचे गोळे. मग घरोघरी लेकरांची पोटे बिघडतात. ‘पोट दुखस’ म्हणत मूल कळवळू लागले की फडताळातली जुनी बाटली निघते. थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला दिले जाते. त्या बाटलीत बहुधा डायसायक्लोमिन असते.

हे औषध वाईट नव्हे. आतड्याच्या स्नायूंना आलेला पेटका ते सैल करते. मोठ्या माणसाला मुरड्यात त्याने खरोखर आराम पडतो. परंतु त्याचा परिणाम आतड्यापुरता राहत नाही. तोंड कोरडे पडते, नाडी जलद होते, लघवी अडू शकते आणि घाम कमी येतो. ही शेवटची गोष्ट खान्देशाने तरी विसरू नये. पत्र्याच्या छपराखाली निजलेल्या लेकराचे शरीर निवते ते घामानेच. तो घामच आटला तर अंग तापत जाते, आणि घरचे त्याला साधा ताप समजतात. उष्ण हवेत जपून द्यावे, असा इशारा या औषधाच्या माहितीपत्रकात असतो. पण मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांतला तो मजकूर वाचतो कोण?

त्याहून गंभीर गोष्ट तान्ह्या बाळांची. दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन तासन् तास रडणारे बाळ कोणत्या घरात नसते? हे रडणे दोन-तीन आठवड्यांचे असताना सुरू होते, दीड महिन्याच्या सुमारास फार वाढते आणि तीन-चार महिन्यांनी आपोआप ओसरते. नेमक्या याच वयात डायसायक्लोमिन निषिद्ध आहे. १९८०च्या दशकात तान्ह्या बाळांचा श्वास अडखळल्याच्या, झटके आल्याच्या, शुद्ध हरपल्याच्या नोंदी पुढे आल्या आणि सहा महिन्यांखालील बाळांना ते देऊ नये असे ठरले. म्हणजे ज्या दुखण्यासाठी घरोघरी हे थेंब मागितले जातात, त्या वयासाठी ते नाहीतच! बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, कुशीत घेऊन फिरवणे, बेंबीभोवती आजीने हिंगाचे पाणी हलक्या हाताने लावणे, एवढ्यावर ते दिवस निभावतात.

मात्रेचा घोळ निराळाच. बाजारातल्या नेहमीच्या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये जितके औषध असते, तितके पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये असते. पातळ औषधाचा चमचा थेंबांच्या बाटलीतून भरला की मात्रा पाचपट झाली. मात्रा वजनावर ठरते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

जुलाबात तर पेटका थांबवणारे औषध घरच्या घरी देऊच नये. तेथे प्राण वाचतो तो मीठ-साखरेच्या पाण्याने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने कहर केला. सलाईन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी कालवून ते नातेवाइकांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावे? लिटरची पुडी मात्र लिटरभर पाण्यातच कालवावी, पेल्यात नव्हे.

काही पोटदुखी दाबायची नसतेच. हिरवी उलटी, जांभळाच्या गरासारखी रक्त-शेंबाची शी, थांबून थांबून येणारी किंकाळी, फुगलेले कडक पोट, उजव्या बाजूला खाली सरकलेली कळ, यांत औषध दिले तर आतडे आतड्यात शिरल्याचे किंवा आंत्रपुच्छ सुजल्याचे निदान लांबते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावे. थेंब आधीच दिले असतील आणि मूल लालबुंद, तापलेले, गुंगीत किंवा बेचैन दिसत असेल, तर त्याला सावलीत घेऊन ओल्या फडक्याने अंग पुसत निघावे. बाटली सोबत न्यावी, आणि किती थेंब दिले, केव्हा दिले, हे न लपवता सांगावे.