उगवण किती, ते आधी विचारा

(पाथरी येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



पेरणीच्या तोंडावर पिशवीवर छापलेल्या अक्षरांवर आपण विसंबत नाही. ओल्या गोणपाटात ज्वारीचे शंभर दाणे मांडतो, गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी मोड मोजतो. प्रमाणित ज्वारीच्या बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. कमी भरली तर आपण दुकानदाराला जाब विचारतो.

पोरांच्या प्रशिक्षणाचे मोड मात्र कुणी मोजत नाही. कुणीतरी फॉर्म घेऊन येतो, तीन महिन्यांचा वर्ग होतो, प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतो. वर्षभराने पोरगा पुन्हा पारावर. आज आम्हाला बोलायचे आहे ते यावर.

योजनांचा दुष्काळ कधीच नव्हता. १५ ऑगस्ट १९७९ ला ‘ट्रायसेम’ सुरू झाली. प्रत्येक विकास गटातून दरसाल ४० तरुणांना धंदा शिकवायचा, असे ठरले. १९९९ मध्ये ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. २०१४ मध्ये दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. नावे बदलत गेली. शिकल्यावर पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

२०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला दरमहा ६,०००, आय.टी.आय. वा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मुदत सहा महिने; पुढे ती अकरा महिन्यांवर नेली. कोरडवाहू घरात महिन्याला बांधीव पैसा आला, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण ते विद्यावेतन होते, पगार नव्हे. नोकरीची हमी त्या योजनेत नव्हती. म्हणूनच मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणत मुले रस्त्यावर आली.

मग उगवणारे बी कोणते? तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. दीनदयाल योजनेत शिकवणाऱ्या संस्थेवर शंभरातल्या निदान ७० जणांना कामाला लावण्याची अट घातली गेली. ज्वारीला ७५, तसे इथे ७०. तेव्हा ‘मागच्या तुकडीतले किती जण आज कामावर आहेत?’ हे विचारणे आगाऊपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

दुसरी. १९८२ मध्ये कर्नाटकात उजिरे येथे एक स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाली. त्याच नमुन्यावर पुढे देशभर बँकांमार्फत जिल्ह्या-जिल्ह्यात ‘आरसेटी’ उभ्या राहिल्या. शिकणे, राहणे, जेवण फुकट. पण खरी गोम पुढे आहे : वर्ग संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा करणे हे संस्थेचे काम. कर्जप्रकरण अडले तर पोराने एकट्याने बँकेच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, संस्थेला सोबत न्यायचे.

तिसरी. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० वा त्याहून जास्त माणसे कामाला असतील, तिथे त्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. साखर कारखाना असो, मोठी जिनिंग असो, आपण जाऊन विचारले पाहिजे : तुमच्याकडे शिकाऊ किती?

आता काय शिकायचे? शंभर किलो कापसातून चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ती काढणाऱ्या यंत्राला फिटर लागतो. मोटारीचे रिवाइंडिंग, सौरपंप, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, या सगळ्याला जाणता हात लागतो. आणि मुलींना दर वेळी शिवणकामाचाच वर्ग का? मोटारीची तार मुलीच्या हातानेही गुंडाळली जाते.

मात्र एक विसरू नका. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? गावातल्या कारागिराची मजुरी आपल्या कापसा-ज्वारीच्या पैशातून निघते. कापूस मातीमोल गेला की आपण मोटार उधारीवर दुरुस्त करून घेतो आणि पोराचे दुकान सहा महिन्यांत बसते. भावाची लढाई आणि पोरांच्या कामाची लढाई वेगळी नाही.

म्हणून एक काम सांगतो. प्रत्येक गावाने एक वही घालावी. मुलाचे किंवा मुलीचे नाव, कोणता वर्ग केला, कधी केला, कुणी घेतला, वर्षाने काय काम, महिन्याची मिळकत किती. एवढेच रकाने. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन या. शंभरात किती उगवले, ते आपल्या हाताने मोजू आणि तो आकडा घेऊन कचेरीत जाऊ. नुसत्या अर्जाला पोच मिळते. आकड्याला उत्तर द्यावे लागते.